हिवाळ्यातले धोतर

मार्गशीर्ष सरत आला, उत्तरेचा वारा सुटला आणि शाळेची पाळी सकाळची असली, की आमच्या घरात एक संवाद ठरलेला असतो. "आज तरी पँट घाला," असे स्वयंपाकघरातून सांगितले जाते. मी "बघू" म्हणतो. आणि पाच मिनिटांनी निऱ्या हातात धरून खिडकीपाशी उभा असतो. आपले बडोदे हे काही थंडीचे गाव नव्हे. पारा दहा-बारा अंशांवर उतरला की आपण कानटोप्या काढतो आणि शेजाऱ्याला "काय कडाका आहे!" म्हणून ऐकवतो. परंतु सकाळी पावणेसात वाजता स्कूटरवर बसून दांडिया बाजारातून सुरसागराच्या काठाने जाणाऱ्या धोतरधारी माणसाला विचारा. तळ्यावरून येणारा वारा धोतरात शिरतो आणि शिडासारखे ते फुगवतो. त्या क्षणी आपण मुख्याध्यापक आहोत की गलबत, याचा निर्णय होत नाही.

थंडीचे आणि धोतराचे मुळातच वैर आहे, असे पँट घालणाऱ्या मंडळींना वाटते. ते अर्धेच खरे आहे. नऊ हाती पान म्हणजे साडेचार वार कापड. त्यातले पुष्कळसे पुढच्या निऱ्यांत आणि मागच्या काष्ट्यात जाते, म्हणजे पोटावर आणि कमरेवर चार-सहा पदर आपोआप बसतात. तेथे थंडीची मात्रा चालत नाही. प्रश्न उरतो तो गुडघ्याखालचा. आमच्या वडिलांनी, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, या प्रश्नावर आयुष्यभर विचार केलेला होता. हिवाळ्यात धोतराला खळ घालू द्यायची नाही, ही त्यांची पहिली अट. खळीचे धोतर पायांपासून फटकून राहते आणि वाऱ्याला वाट करून देते. बिनखळीचे, धुऊन धुऊन मऊ झालेले पान पायाला धरून असते. धोतर नेसायचे ते दुटांगी, आणि सोगा लोंबता न ठेवता उचलून कमरेला खोचायचा. देवपूजेपुरती तर त्यांच्या आईची, म्हणजे आमच्या आजीची, तांबडी धाबळी होतीच. ओल्या सोवळ्याऐवजी लोकरीची धाबळी चालते, हे ज्या कोणा पूर्वजाने ठरवले, त्याने पौषातली पहाट स्वतः अनुभवलेली असली पाहिजे. धर्मशास्त्रातल्या काही सवलतींमागे निव्वळ कुडकुडणे असते.

या परंपरेत माझी भर एवढीच, की धोतराखाली मी लोकरी तंग विजार घालतो, तीही गुडघ्यापाशी कापलेली. पहिल्या वर्षी पूर्ण लांबीची घातली होती. तिचा राखाडी रंग पांढऱ्या पानातून दिसू लागला, आणि सातवीतल्या एका मुलीने अत्यंत आदराने जवळ येऊन सांगितले, "सर, तुमची पँट दिसते." त्याच रात्री कात्री चालवली. वाहनाविषयीही एक अनुभवाचे सांगतो. मोटारसायकलवर धोतर म्हणजे साखळीला दिलेले आमंत्रण. स्कूटरला पाय टेकायला सपाट जागा असते, तेथे निभावते. कोणा तरुण वाचकाच्या मनात हा पोशाख घ्यायचा असेल, तर त्याने आधी वाहनाचा विचार करावा.

मी स्वतः काही जन्मापासून धोतर नेसत आलेलो नाही. माझ्या पिढीतला कोण नेसतो? मुंजीत एकदा, लग्नात एकदा, आणि त्यानंतर सत्यनारायणाला, तेही तयार शिवलेले, नाडीचे. नाना २०१४ च्या दिवाळीनंतर गेले. दिवस झाल्यावर त्यांची ट्रंक उघडली, तेव्हा तीत धोतराची अकरा पाने निघाली. आठ वापरातली, तीन कोरी, घडी न मोडलेली, कोपऱ्यावर अहमदाबादच्या गिरणीचा निळा शिक्का असलेली. ज्या गिरण्यांनी निम्म्या हिंदुस्थानाला धोतरे नेसवली, त्यांतल्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे गेल्या शतकाअखेरीस बंद पडले. शिक्का तेवढा ट्रंकेत जिवंत राहिला होता. ही पाने कोणाला द्यावीत, असा प्रश्न पडला. भांडीवालीने घेतली नसती. देवळात दिली असती तर चालले असते, आणि माझ्या बहिणीचा तोच आग्रह होता. मी "आठ दिवस राहू दे" म्हणालो आणि एका रविवारी दार लावून घेऊन एक पान नेसून पाहिले. वीस मिनिटे लागली. काष्टा तीनदा सुटला. आरशात जो माणूस दिसला त्याच्याकडे मी फार वेळ पाहू शकलो नाही. ते का, हे पुढे सांगतो.

घरातून अंगणात, अंगणातून वाण्याच्या दुकानात, असे करता करता दोन वर्षांनी एका पंधरा ऑगस्टला मी धोतर नेसून शाळेत गेलो आणि पुढे जात राहिलो. मुलांचे कुतूहल तीन दिवसांत संपले. मुले फार मोठ्या मनाची असतात. त्यांना कोणत्याही चमत्काराची सवय चटकन होते. मोठ्यांचे तसे नाही. एका बैठकीत एका अधिकारी महाशयांनी चारचौघांत विचारले, "काय साहेब, आज काही कथा-वार्ता आहे की काय?" सगळे हसले, मीही हसलो. रावपुऱ्यातला एक ओळखीचा दुकानदार दर वेळी विचारतो, "सर, कोनां लग्न छे?" मी दर वेळी "कोईनां नथी" म्हणतो, आणि त्याची दर वेळी निराशा होते.

धोतर नेसणाऱ्याला अनोळखी माणसे जे प्रश्न विचारतात, त्यांत सर्वांत लोकप्रिय प्रश्न "सुटत नाही का?" हा आहे. त्याखालोखाल "थंडी वाजत नाही का?" पहिला प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत एक अस्फुट आशा असते, हे मी अनुभवाने सांगतो.

हा अनुभव आपला एकट्याचा नाही, हे मला एका पत्राने कळले. माझा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त स्कॉटलंडात असतो. तेथे एका सहकाऱ्याच्या लग्नाला, ऐन जानेवारीत, त्याने भाड्याने आणलेला किल्ट घातला आणि छायाचित्र मला पाठवले. खाली लिहिले होते, "सर, गुडघे बधिर झाले आहेत. बसथांब्यावर तीन अनोळखी लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न तुम्हाला लिहिता येत नाही. तुमची फार आठवण झाली." तो प्रश्न कोणता, हे सुज्ञ वाचकांना कळले असेलच. किल्टच्या आत काय घालतात, ही साऱ्या जगाची एक जुनी चिंता आहे.

त्या छायाचित्रामुळे मी किल्टविषयी थोडे वाचले आणि आपल्या धोतराचा एक दूरचा चुलतभाऊ सापडल्याचा आनंद झाला. मूळचा किल्ट शिवलेला नव्हताच. ते एक लांबलचक लोकरी कांबळेच असे. डोंगरी माणूस त्याच्या चुण्या घालून ते कमरेला पट्ट्याने आवळी, उरलेला भाग खांद्यावर टाकी आणि रात्री सगळे सोडून तेच पांघरून झोपे. आपल्या धनगराने घोंगडीला पट्टा बांधला असता, तर काहीसे असेच दिसले असते. पुढे अठराव्या शतकात वरचा भाग गळाला आणि कमरेखालचा आखूड किल्ट राहिला. आजच्या चांगल्या किल्टला सात-आठ वार लोकरी कापड लागते. म्हणजे आमच्या नऊ हाती पानापेक्षा कितीतरी जास्त. फरक असा, की आपल्या निऱ्या पुढे असतात, त्यांच्या मागे. पुढून सपाट, मागे चुण्यांची जाड गादी, आणि पायांत गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे जाड लोकरी मोजे. थंडीला मोकळा सोडलेला भाग गुडघा एवढाच.

या कापडापायी त्यांनी तुरुंगवासही पाहिला आहे. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरी स्कॉट बंडखोरांचा पाडाव झाला, आणि त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटाने कायदा करून हा पोशाख बंद केला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद. दुसऱ्याला सात वर्षे काळे पाणी. सूट फक्त सरकारी फौजेतल्यांना. म्हणजे स्वतःच्या घरी किल्ट घातला तर गुन्हा, आणि राजाच्या पलटणीत भरती होऊन घातला तर गणवेश! १७८२ मध्ये हा कायदा रद्द झाला. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १८०३ च्या सप्टेंबरात, याच डोंगरी स्कॉटांच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या पलटणी आपल्या असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर उभ्या होत्या. इतिहासाची वीण कोठे कोठे जाऊन मिळते, पाहा.

पोशाखावरून गहजब होण्याचा अनुभव आपल्या बडोद्यालाही आहे. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जसमोर हिंदुस्थानचे राजे हिऱ्यामाणकांनी मढून आले असता श्रीमंत सयाजीराव महाराज साध्या पांढऱ्या पोशाखात, दागिन्यांवाचून पुढे गेले, एकदाच लवले, आणि सम्राटाकडे पाठ करून माघारी वळले. त्यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांनी केवढे रान उठवले, आणि महाराजांना खुलाशाचे पत्र कसे लिहावे लागले, हे आपल्यापैकी बहुतेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकले आहे. माझे आजोबा ही हकीकत सांगताना पाठ फिरवण्याच्या जागी स्वतः उठून पाठ फिरवून दाखवीत. गांधीजी १९३१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर लंडनला पंचा आणि शाल एवढ्यावर राहिले आणि ५ नोव्हेंबरला बकिंगहॅम राजवाड्यातही त्याच वेषात गेले. अर्थात ही मोठी माणसे. त्यांच्या वस्त्राला एक भूमिका होती. माझ्या धोतराला भूमिका नाही, आणि असे म्हटले की लोकांचा विश्वास बसत नाही. पूर्वी कोणी विचारले, की मी त्याला सुती वस्त्राचे आरोग्य, न शिवलेल्या वस्त्राची परंपरा वगैरे ऐकवत असे. मास्तरकीची सवय, दुसरे काय! ऐकणाऱ्याचा चेहरा दुसऱ्याच वाक्याला मिटत असे.

आता खरे सांगायला हवे. १९८० सालची गोष्ट. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकल्यावर मला गुजराती माध्यमाच्या एका शाळेत घातले होते. वर्गात बहुतेक मुले गुजराती. मी भाषेने अडखळणारा आणि म्हणून जरा जास्तच सावध. जानेवारीतल्या एका सकाळी मी स्वेटर घरी विसरलो. नाना कचेरीत कारकून होते. कचेरीला जाण्याआधी ते स्वेटर घेऊन शाळेच्या फाटकाशी आले. दुटांगी धोतर, सोगा कमरेला खोचलेला, काळा कोट, आणि थंडीसाठी उपरणे डोक्यावरून हनुवटीखाली बांधलेले. माझ्याबरोबर चार मुले होती. त्यांतल्या एकाने विचारले, "आ कोण छे? तारा गोर महाराज?"

मी म्हणालो, "हा."

एकच अक्षर. नाना तेव्हा फाटकापासून दहा पावलांवर असतील. त्यांनी स्वेटर शिपायाच्या हातात दिला आणि ते वळून गेले. संध्याकाळी ते मला काही बोलले नाहीत. माझ्या अभ्यासाची चौकशी केली, बाराचा पाढा म्हणवून घेतला, नेहमीसारखे. त्यांना ऐकू गेले नसावे, अशी मी कित्येक वर्षे स्वतःची समजूत घालत असे. परंतु त्यानंतर शाळेत मला काही द्यायचे झाले, डबा म्हणा, छत्री म्हणा, तर नाना फाटकाशी येत नसत. रस्त्याच्या पलीकडे एक निंब होता, त्याखाली उभे राहत आणि मी एकटा बाहेर पडेपर्यंत वाट पाहत.

पुढे १९९५ मध्ये, माझ्यासाठी स्थळ पाहायला सुरतेला जायचे होते तेव्हा, मी त्यांना म्हणालो, "नाना, थंडी फार आहे, या वेळी पँट घाला ना." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि घातली. माझीच पँट होती. कमरेला सैल, घोट्याशी आखूड. दिवसभर ते दुसऱ्याच्या घरात वावरल्यासारखे चालत होते. स्थळ पसंत पडले. मंडळी चांगली होती, धोतराने त्यांचे काही बिघडले नसते, असे पुढे माझ्या सासऱ्यांकडूनच कळले. ते घरात धोतरच नेसत.

हे सगळे मी २०२३ च्या जानेवारीपर्यंत कोणाला सांगितलेले नव्हते.

नानांना पानिपत पाहायचे होते. 'आपले दमाजीराव तेथून परत आले' हे त्यांचे आवडते वाक्य. दमाजीराव गायकवाड १४ जानेवारी १७६१ च्या संहारातून वाचून माघारी आले, ते तेथेच पडते तर पुढचे बडोदे वेगळे असते, असा त्यांचा सिद्धांत असे. भाऊसाहेबांची बखर त्यांनी किती वेळा वाचली असेल, याला गणती नाही. परंतु त्यांच्या मनात लढाईपेक्षा थंडी जास्त घर करून होती. अडीच महिने पानिपताला अडकून पडलेली दक्षिणी फौज, दाणागोटा संपलेला, अंगावर त्या मुलखाच्या हिवाळ्याला पुरेसे कापड नाही. "तलवारीच्या आधी त्यांना गारठ्याने मारले," असे नाना म्हणत आणि पायांवरचे पांघरूण सारखे करीत. त्यांचे जाणे राहून गेले. म्हणून २०२३ ला उत्तरायण शनिवारी आले, पाठोपाठ वासी उत्तरायणाचा रविवार, तेव्हा मी ठरवले की या वर्षी पतंग शेजाऱ्यांच्या गच्चीवर उडू देत. आपण पानिपताला जायचे, आणि नानांचे धोतर नेसून जायचे.

गाडीत नेहमीचे प्रकार झाले. समोरच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी, मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवतो न ठेवतो तोच, आपला उजवा तळहात माझ्यापुढे पसरला आणि म्हणाले, "पंडितजी, ज़रा देखिए तो, मकान कब बनेगा?" मी शिक्षक आहे म्हणून सांगितले. त्यावर त्यांनी हात मागे घेतला आणि मुलाची गुणपत्रिका मोबाइलवर काढून पुढे केली. कोट्याच्या पुढे एक लहान मुलगी आली. तिने बराच वेळ निऱ्या न्याहाळल्या आणि विचारले, "दादाजी, आपने साड़ी क्यों पहनी है?" तिची आई शरमली. माझ्या तोंडून, कसे कोण जाणे, व्याख्यानाऐवजी एकच वाक्य निघाले, "बेटा, यह मेरे पिताजी की है." मुलीचे समाधान झाले. पण गंमत पुढेच. डब्यातली कुजबुज थांबली. घर बांधू पाहणारे गृहस्थ थोड्या वेळाने आपणहून सांगू लागले, की त्यांच्या वडिलांचे घड्याळ ते अजून वापरतात, रोज किल्ली देतात, पाच मिनिटे मागे पडते तरी. मग आणखी एकाने काही सांगितले. तेव्हापासून मी हेच उत्तर देतो. ते खरे आहे आणि लहान आहे.

चिरंजीव गुरुग्रामला नोकरीस असतो. निजामुद्दीनला तो मित्राची मोटार आणि मित्र असे दोन्ही घेऊन उतरवून घ्यायला आला होता. धुके इतके, की फलाटावरचे दिवे कापसात गुंडाळल्यासारखे दिसत होते. त्याने वाकून नमस्कार केला, पिशवी हातात घेतली आणि जरा बाजूला नेऊन म्हणाला, "बाबा, इथली थंडी वेगळी असते हो. पँट घाला ना. मी आणली आहे."

त्याला माझ्या गुडघ्यांची काळजी होती की मित्राची लाज, हे मला त्याच्या आवाजावरून ओळखता आले नाही. अठ्ठावीस वर्षे मुलांचे आवाज ऐकण्यात गेली, तरी ओळखता आले नाही. मी ती पँट घेतली आणि प्रतीक्षालयात जाऊन बदलली. कमरेला सैल होती.

चौदा तारखेला पहाटे मात्र मी धोतर नेसलो. त्याने पाहिले, काही म्हटले नाही, मोटार काढली. दिल्लीपासून पानिपत सुमारे नव्वद किलोमीटर. धुक्यामुळे मुंगीच्या पावलांनी जाणे झाले. गप्पांना विषय हवा, म्हणून मी त्याला किल्टची सगळी कथा सांगितली. तो कायदा, ते सात-आठ वार, गुडघ्यापर्यंतचे मोजे. 'आत काय घालतात'ला तो मनापासून हसला. मग नानांची थंडीची कल्पना सांगितली. फाटकाची गोष्ट ओठांवर आली होती. पण समोरून अचानक उसाची ट्रॉली आली आणि ती राहिली.

काला आंब हे ठिकाण गावाबाहेर, शेतांच्या मध्ये आहे. आंबा आता नाही. स्मारकाचा स्तंभ आहे. चौदा जानेवारीला महाराष्ट्रातून माणसे येतात. हरियाणातल्या रोड समाजाची मंडळीही मोठ्या संख्येने येतात. पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज आहोत, असे त्यांच्यातले पुष्कळ जण मानतात. भगवे फेटे, घोषणा, ढोल. माझ्यासारख्या शांत प्रकृतीच्या माणसाला त्या गर्दीत फार वेळ उभे राहवेना. वारा असा होता, की बडोद्याचा वारा त्याच्यापुढे पंख्याचा. बिनखळीचे पान, दुटांगी नेसण, कापलेली विजार, सगळे शास्त्र तेथे हरले. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय आहेत की नाहीत, हे वाकून पाहावे लागले.

बाजूला बांधावर एक म्हातारे शेतकरी उन्हाचा कवडसा धरून बसले होते. त्यांनीही धोतरच नेसले होते. अंगावर जाड खेस. मला पाहून त्यांनी पहिला प्रश्न जो विचारला, तो आजवर मला कोणीच विचारला नव्हता. ते म्हणाले, "मास्टर हो?" कशावरून ओळखले, म्हणून विचारले, तर माझ्या खिशातल्या दोन पेनांकडे बोट दाखवले. धोतराकडे त्यांचे लक्षही नव्हते. मग त्यांनी माझे पाय पाहिले, मी खांद्यांवर लपेटलेली शाल पाहिली, आणि मान हलवली. "ऊपर के लपेट्या है? टांगां पै लपेट." एवढे बोलून त्यांनी शाल माझ्या खांद्यावरून ओढली, मला बांधावर बसवले आणि ती गुडघ्यांभोवती दोन वेढे घालून घोट्याशी खोचून दिली. अनोळखी माणसाच्या पायांना कोणी असा हात लावावा, हे मला चमत्कारिक वाटले. पण पाच मिनिटांत पायांत जीव आला. त्यांना माझा काष्टा मागे कसा खोचला आहे, हे पाहायचे होते. त्यांचा वेगळा होता. मी उभे राहून दाखवला. सत्तरीचे एक आणि पन्नाशीचे एक, असे दोन गृहस्थ शेताच्या बांधावर एकमेकांना पाठमोरे उभे राहून काष्टे दाखवीत आहेत, हे दृश्य सयाजीराव महाराजांनी पाहिले असते तर त्यांनाही हसू आवरले नसते.

मोटारीकडे परतलो, तेव्हा चिरंजीव गाडी लावलेल्या जागी उभा होता. गर्दी आवरणारा एक स्वयंसेवक त्याच्याशी बोलत होता. माझ्याकडे हात करून त्याने विचारले, "ये पंडितजी आपके साथ हैं?"

"हाँ," चिरंजीव म्हणाला.

मी व्याकरण शिकवणारा माणूस आहे. त्या प्रश्नात दोन विधाने होती, आणि त्या 'हाँ'ने त्यांपैकी कोणत्या विधानाला रुकार दिला, की दोन्हींना, हे मी परतीच्या वाटेवर बराच वेळ मनाशी लावून पाहिले. त्याला विचारले मात्र नाही. पानिपताच्या बाजारात थांबून एक खेस घेतला. हे गाव विणकरांचे आहे, जुन्या लोकरी कपड्यांचे सूत काढून तेथे घोंगड्या विणतात, त्यांचे ढीगच्या ढीग दुकानांबाहेर होते. खेस पायांवर घेऊन मी मोटारीत बसलो. सोनिपतच्या आसपास, तो समोर रस्त्याकडे पाहून गाडी चालवत असताना, मी त्याला १९८० ची गोष्ट सांगितली. फाटक, उपरणे, शिपाई, निंबाचे झाड. त्याने सगळे ऐकून घेतले. नंतर एवढेच विचारले, "आजोबांनी पुढे कधी काही म्हटलं नाही?"

"नाही," मी म्हणालो.

त्याच वर्षी डिसेंबरात त्याच्याकडून एक पार्सल आले. पत्र नव्हते. आत लोकरी मोज्यांच्या दोन जोड्या होत्या, चांगल्या जाड, गुडघ्याच्या वरपर्यंत येणाऱ्या. एक जोडी काळी आणि एक पांढरी. पांढरी धोतराखाली दिसत नाही.